पोट्ट्यानं च्युइंगम गिळलं तर? आणि पालकांचे बाकीचे प्रश्न

दारव्ह्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमनी पालकसभेनंतर मला, म्हणजे दातांच्या डॉक्टरला, प्रश्नांचा एक कागद पाठवला. मधल्या सुट्टीत पोरं बबलगम चघळतात आणि तास सुरू झाला की बाकाखाली चिकटवतात, त्यावरून सभेत विषय निघाला होता. पालकांचे प्रश्न मॅडमनी जसेच्या तसे उतरवलेत. "गिळलं त आतडीले चिपकते का?" "त्यात टायरचं रब्बर असते म्हन्ते, खरं हाय का?" "डिंकाच्या लाडवात टाकतो तोच डिंक का हा?" "जनावराची चरबी असते का?" "शुगरफ्रीनं कॅन्सर होते म्हन्ते." "सिझर झाल्यावर डाक्तरनं च्युइंगम चघळाले सांगतलं, का बरं?" आणि शेवटी एका आजीचा, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दलचा प्रश्न, "खर्रा सोडाले हे चालते का?"

मॅडम, गिळण्यापासून सुरू करतो, कारण त्यासाठी लोक मला रात्री फोन करतात. गिळलेलं च्युइंगम आतड्याला चिकटत नाही. सात वर्षं पोटात राहतं हे तर मीही लहानपणी ऐकलंय. त्यातली साखर आणि वास पोटात विरघळून जातो. उरतो तो चोथा पचत नाही एवढं खरं, पण मक्याच्या दाण्याचं सालही पचत नाही, ते जसं दोन-तीन दिवसांत शौचावाटे निघून जातं तसंच हेही जातं. चिकटायला कोरडी जागा लागते, आणि आतडं आतून कायम ओलं, बुळबुळीत असतं. म्हणून पोराला केळी चारू नका, मीठपाणी पाजून ओकायला लावू नका. पोट्टं खेळत असेल, जेवत असेल, तर त्याला खेळू द्या.

अपवाद आहे, पण वेगळ्या पोराचा. एखादं लेकरू रोज चार-पाच गिळतं, त्याला आधीच शौचाला खडा होतो, आणि वर बोराच्या बियाही गिळतं, अशा पोराच्या आतड्यात त्याचा गोळा होऊ शकतो. हे फार क्वचित होतं. खरी भीती आतड्याची नाही, श्वासनळीची आहे. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला च्युइंगम देऊच नये, आणि मोठ्यालाही ते तोंडात ठेवून कबड्डी खेळू देऊ नये. गिळल्यावर खोकला थांबत नसेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता टायरचं रबर. ही अफवा अर्धी खरी आहे आणि म्हणूनच ती मरत नाही. च्युइंगमच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत 'गम बेस' असे दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांत काय काय आहे ते कंपनीला वेगळं लिहावं लागत नाही, आणि ते मला पटत नाही. पण त्यात साधारण काय असतं ते जगजाहीर आहे. पॉलिआयसोब्युटिलीन किंवा ब्युटाइल रबर, पॉलिव्हिनाइल अॅसिटेट, झाडाच्या राळेपासून केलेले पदार्थ, मेण, थोडं लेसिथिन, आणि भर म्हणून चुनखडीची भुकटी किंवा टाल्क. ब्युटाइल रबराच्या ट्यूबा होतात आणि सुताराच्या पांढऱ्या डिंकात पॉलिव्हिनाइल अॅसिटेट असतं हेही खरं. घराणं एक आहे. पण खाण्यासाठी वापरतात तो माल वेगळ्या शुद्धतेचा असतो, आणि मुख्य म्हणजे तो लाळेत विरघळत नाही, म्हणून रक्तात जात नाही.

पूर्वी हा चोथा झाडाचा असायचा. कच्चा चिकू फोडला की बोटांना आणि ओठांना जो पांढरा चीक लागतो, साबणानं जात नाही, तोच. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलात चिकूच्या झाडांना नागमोडी चिरा पाडून तो चीक गोळा करायचे आणि शिजवून त्याचे ठोकळे करायचे. न्यूयॉर्कच्या थॉमस अॅडम्सनं आधी त्यापासून रबर बनवायचा खटाटोप केला, तो फसला, मग चघळायच्या गोळ्या केल्या आणि 1871 मध्ये पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर चिकाची जागा हळूहळू कारखान्यातल्या मालानं घेतली, कारण तो स्वस्त पडतो आणि हवा तेवढा मिळतो. आपल्या परसातल्या चिकूला चिरा पाडायला जाऊ नका, झाड जाईल आणि हाती काही लागणार नाही.

प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण हा अलीकडचा प्रश्न आहे, सभेत कोणी विचारला नाही तरी पुढच्या वेळी विचारतील. 2025 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत एक छोटा अभ्यास मांडला. एक ग्रॅम च्युइंगममधून सरासरी शंभरेक कण लाळेत येतात असं त्यात दिसलं. झाडाच्या चिकापासून केलेल्या महागड्या च्युइंगममध्येही ते होते, आणि बहुतेक कण पहिल्या आठेक मिनिटांतच सुटत होते. त्यामुळे आजार होतो असं त्या संशोधकांनी म्हटलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की चघळायचंच तर एकच जास्त वेळ चघळा, दर पाच मिनिटांनी नवं फोडू नका. पैसेही वाचतात.

लाडवातला डिंक आणि हा चोथा यांचा काही संबंध नाही. आपण बाळंतिणीच्या लाडवाला वापरतो तो धावड्याचा नाहीतर बाभळीचा डिंक. तो तुपात फुलतो, पाण्यात विरघळतो, पोटात जातो. गम बेस यातलं काहीच करत नाही. एक धागा मात्र आहे. गोळीच्या आकाराच्या च्युइंगमवर जे कडक कवच असतं, त्यात अरबी डिंक वापरतात. तो आफ्रिकेतल्या, मुख्यतः सुदानमधल्या, बाभळीच्याच कुळातल्या झाडांचा असतो. वेष्टनावर घटकांच्या यादीत सांकेतिक आकडे असतात, त्यात 414 दिसला तर तो हा.

तिथेच कधीकधी 904 दिसतो, आणि तो आपल्या भागातल्या लोकांनी ओळखायला हरकत नाही. ती लाख. गोंदिया, गडचिरोलीकडे पळसावर, बोरीवर, कुसुमावर किडा चढवून लोक लाख काढतात, तीच शुद्ध करून गोळीला चकाकी आणायला वापरतात.

यावरून चरबीचा प्रश्न. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यात जनावराची चरबी किंवा जिलेटिन नसतं. असलं तर तपकिरी रंगाची शाकाहारी नसल्याची खूण छापावी लागते, हल्ली ती त्रिकोणाची असते. लाख किड्यापासून येते, पण मध, मेण आणि लाख यांना नियमातच सूट आहे, म्हणून लाखेची चकाकी असूनही ठिपका हिरवाच राहतो. कडक व्रत पाळणाऱ्यांनी 904 बघावा. बाकीच्यांनी ठिपका बघितला तरी पुरे. परदेशातून कोणी आणलेल्या पाकिटावर मात्र हा ठिपका नसतो, तिथे जिलेटिन आहे का ते वाचावं लागतं. सुटं, बिनवेष्टनाचं, आठवडी बाजारात बरणीतून मिळणारं रंगीत बबलगम घेऊच नये. त्यावर ठिपकाही नसतो, तारीखही नसते आणि रंग कोणता आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

इतका वेळ पालकांच्या भीतीबद्दल बोललो. दातांचा डॉक्टर म्हणून मला भीती वाटते ती साखरेची, आणि त्या कागदावर साखरेचा एकही प्रश्न नव्हता. रुपयाला मिळणाऱ्या बबलगममध्ये अर्ध्याहून जास्त वजन साखरेचं असतं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल बनवतात. दाताभोवतीचा सामू साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या आवरणातलं कॅल्शियम सुटायला लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास तरी लागतो. सकाळी शाळेत जाताना एक, मधल्या सुट्टीत एक, परत येताना एक, असं झालं की सावरायला वेळच मिळत नाही. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून सोडून देऊ नका. मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत राहते, आणि सहाव्या वर्षी तिच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. ती कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण तिच्या जागी कुठलाही दात पडलेला नसतो. माझ्याकडे किडलेल्या दाढा घेऊन येणाऱ्या पोरांमध्ये हीच दाढ सगळ्यात जास्त दिसते.

बिनसाखरेचं च्युइंगम ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्याबद्दल मी चांगलंच बोलणार. जेवणानंतर वीस मिनिटं ते चघळलं तर लाळ सुरुवातीला कित्येक पटींनी वाढते. त्या लाळेत आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं, कॅल्शियम असतं. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं 2007 मध्ये काही बिनसाखरेच्या च्युइंगमांना आपली मोहोर दिली ती याच कारणानं. गोडीसाठी त्यात सॉर्बिटॉल (420), मॅनिटॉल (421), मॅल्टिटॉल (965) किंवा झायलिटॉल (967) असतं. यातलं झायलिटॉल दातांना सगळ्यात चांगलं, कारण दात किडवणारे मुख्य जंतू ते खाऊन वाढू शकत नाहीत. ब्रशची जागा मात्र हे घेत नाही. दोन दातांच्या मधल्या फटीत च्युइंगम पोचत नाही. तोंडाला वास येतो म्हणून चघळणाऱ्यांनाही हेच सांगतो. वास झाकला जातो, जात नाही. जीभ घासा, हिरड्या दाखवून घ्या.

पाकिटावर बारीक अक्षरात असतं की पॉलिऑलमुळे (म्हणजे वरच्या सॉर्बिटॉलसारख्या गोड पदार्थांमुळे) जुलाब होऊ शकतात, ते खरं आहे. एका काडीत साधारण ग्रॅम-सव्वा ग्रॅम सॉर्बिटॉल असतं. दोन-तीन काड्यांनी काही होत नाही. दिवसभर एकामागून एक, पंधरा-वीस काड्या चघळल्या तर पोट बिघडणारच, आणि लोक मग पाण्याला दोष देतात. मधुमेहाच्या माणसाला बिनसाखरेचं माफक चालतं. घरात कुत्रं असेल तर झायलिटॉलचं पाकीट उंचावर ठेवा, कुत्र्याला ते विषासारखं असतं. रक्तातली साखर झपकन उतरते आणि यकृत जातं.

कॅन्सरचा प्रश्न अॅस्पार्टेम या कृत्रिम गोडीच्या पदार्थावरून आला असणार, 951 आकड्याचा. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला '2बी' गटात टाकलं, म्हणजे पुरावा अपुरा पण शंका घ्यायला जागा आहे. त्याच वेळी संघटनेच्याच दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम, अशी पूर्वीचीच ठेवली. वीस किलोच्या पोराला ती 800 मिलिग्रॅम होते, आणि एका गोळीत मोजके मिलिग्रॅम असतात. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात विकार असलेल्यांना मात्र ते बिलकूल चालत नाही, म्हणून तशी सूचना छापलेली असते. पांढऱ्या रंगासाठी वापरतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडवर (171) युरोपीय संघानं 2022 मध्ये खाद्यपदार्थांत बंदी घातली, आपल्याकडे तो चालतो. ज्यांना नको त्यांनी 171 नसलेलं घ्यावं, मिळतं.

आता त्याच संस्थेचा पहिला गट बघा, जिथे पुरावा पक्का आहे. त्या गटात तंबाखू आहे आणि सुपारीही आहे. नुसती सुपारी, तंबाखूशिवायची. मॅडम, तुमच्या शाळेजवळच्या पानठेल्यावर मीठी सुपारीच्या रंगीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतील, बघा. बबलगम चघळणाऱ्या पोराला बाप कान धरून आणतो, आणि त्याच पोराच्या चड्डीच्या खिशात मीठी सुपारी असते, ती बापाला दिसत नाही. कारण ती बारशाला, लग्नाला ताटात फिरते. माझ्या टेबलावर हे दोन्ही ठेवलं आणि पोराला एक देणं भागच असलं, तर मी साखरेचं बबलगम देईन. दाढ किडली तर मला भरता येते.

सुपारीनं गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू पांढरं, ताठ, चामड्यासारखं होतं. सुपारीतल्या अॅरेकोलिनमुळे तिथे तंतू वाढत जातात. आधी फक्त तिखट झोंबतं. पोरगं म्हणतं, "भाजी तिखट झाली", आणि माय म्हणते मी तर मिरची कमीच टाकली. पुदिन्याचं च्युइंगम तोंडात घेतल्यावर गार वाटायच्या ऐवजी आग होते, ही तक्रार ऐकली की मी लगेच खिशात काय आहे ते विचारतो. मग तोंड उघडणं कमी होतं. साधी परीक्षा घरी करा. पोराला आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन जायला पाहिजेत. दोनच जात असतील तर वाट बघू नका. हे थांबवता येतं, पूर्ण उलटवता येत नाही, आणि यातूनच पुढे कॅन्सर होतो. अशा वेळी "व्यायाम होईल" म्हणून च्युइंगम चघळायला देऊ नका. त्यानं तोंड उघडत नाही, जबडा दुखतो. तोंड उघडायचे व्यायाम वेगळे, ते डॉक्टरकडून शिकून घ्या.

जबड्यावरून आठवलं. जिममध्ये जाणारी पोरं चेहरा धारदार व्हावा म्हणून तासन्‌तास कडक च्युइंगम चघळतात. त्यानं गालाचा स्नायू फुगतो, चेहरा धारदार न होता रुंद दिसतो, आणि कानापुढचा सांधा कटकट वाजायला लागतो.

सिझरचा प्रश्न चांगला होता. ऑपरेशननंतर आतडी काही काळ सुस्त पडतात. चघळलं की मेंदूला वाटतं जेवण सुरू झालं, आणि तो आतड्यांना कामाला लावतो. वारा सरणं काही तास लवकर होतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. साधा, स्वस्त उपाय आहे. डॉक्टरनं सांगितलं असेल तर बिनदिक्कत चघळा, बिनसाखरेचं. सासूबाई "बाळंतीण आणि च्युइंगम?" म्हणाल्या तर त्यांना हे दाखवा. ऑपरेशनच्या आधी मात्र नको. उपाशीपोटी राहायला सांगितलं असेल तेव्हा च्युइंगम चघळलं असेल तर भूल देणाऱ्याला आधीच सांगा.

आजीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला, म्हणजे पहिल्या गटातल्या दोन्ही गोष्टी एकत्र. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण आपल्याकडे खर्रा समोर उभं राहून घोटून घ्यायची रीत, त्याला वेष्टनच नाही. सोडायला साधं बिनसाखरेचं च्युइंगम थोडीच मदत करतं. तोंडाला चाळा मिळतो, तलब जात नाही. आणि ते घ्यायला माणूस पानठेल्यावरच जातो, तिथे ओळखीचा हात आधीच घोटायला लागलेला असतो. म्हणून किराण्यातून किंवा मेडिकलमधून आठवड्याचं एकदम घ्या.

तलबेसाठी निकोटिनचं च्युइंगम असतं, ते मेडिकलमध्ये मिळतं, 2 आणि 4 मिलिग्रॅमचं. 4 चं डॉक्टरला विचारूनच घ्यायचं. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला खर्रा लागतो त्याला बहुधा तेच लागतं. बहुतेक लोक हे चुकीचं चघळतात आणि "यानं काहीच होत नाही, नुसती उचकी लागते" म्हणून दोन दिवसांत फेकून देतात. ते बबलगमसारखं भराभर चघळायचं नसतं. हळूहळू दहा-पंधरा वेळा चावायचं, तोंडात झणझणलं किंवा मिऱ्यासारखी चव आली की थांबायचं, आणि गाल व हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचं, खर्रा ठेवता तसंच. झणझण गेली की परत थोडं चावायचं, दुसऱ्या बाजूला ठेवायचं. एक अर्धा तास चालतं. निकोटिन गालाच्या अस्तरातून जातं. भराभर चघळलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं, उचकी आणि मळमळ देतं, तलब तशीच राहते. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, थंड पेय नको, तोंडात आम्ल असलं तर निकोटिन शोषलं जात नाही. सुरुवातीला दर तास-दोन तासांनी एक, मग कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद. चालू असताना खर्रा पूर्ण बंद. लेकरांच्या हाती हे पाकीट लागू देऊ नका. ज्याचं तोंड आधीच कमी उघडतं किंवा ज्याच्या तोंडाची आग होते त्याला चघळणं जमत नाही, त्यानं निकोटिनच्या पट्टीबद्दल विचारावं. सरकारी मदतवाहिनी 1800-11-2356 फुकट आहे. आजी स्वतः खात असतील तर आजींनाही हे सगळं लागू आहे, मी विचारलेलं नाही.

आणि मॅडम, शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानंच मनाई आहे. ग्रामपंचायतीला पत्र द्या, पोच घ्या.

राहिले बाकाखालचे गोळे आणि केसात अडकलेले. केसात अडकलं तर कात्री काढू नका. गम बेस तेलात मऊ होतो. खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं थांबा, कंगव्यानं निघून येतं. शेंगदाणे खाता खाता च्युइंगम चघळलं तर ते तोंडातच फिसकटून विरघळतं ते याच कारणानं, पोरांना हा प्रयोग करू द्या. कपड्याला मात्र तेल लावू नका, डाग पडतो. बर्फ घासून कडक करा आणि चमच्याच्या कडेनं खरवडा. बाकांनाही हीच पद्धत चालते, फक्त बर्फ चिकटवणाऱ्यांनाच आणायला सांगा.